आगरकर कोठून वाचावे?

कांहीं ग्रंथकार असे असतात कीं, त्यांचें नांव निघतांच ऐकणाऱ्याची मान आदरानें लवते. आणि त्या आदरापोटींच कीं काय, त्यांचें पुस्तक मात्र कपाटांतून खालीं उतरत नाहीं. गोपाळ गणेश आगरकर हे अशा ग्रंथकारांत अग्रगण्य होत. सुशिक्षित मराठी घरांत त्यांच्याविषयींच्या तीन गोष्टी बहुधा सर्वांस ठाऊक असतात : त्यांनीं आईस लिहिलेलें पत्र, त्यांच्या हयातींत निघालेली त्यांची प्रेतयात्रा आणि टिळकांशीं झालेला त्यांचा वाद. एवढें ठाऊक असलें म्हणजे आगरकर कळले, अशी समजूत होऊन बसते. मग एखाद्या दिवशीं, तें घर पुण्याच्या पेठेंतलें असो कीं जालना जिल्ह्यांतील धावड्यासारख्या गांवचें असो, घरांतील एखादा तरुण मुलगा किंवा मुलगी विचारते कीं, व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा कैवार घेणारा हा लेखक वाचावयाचा तर आरंभ कोठून करावा? आणि वडील मंडळी कपाटाकडे पाहूं लागतात.

प्रश्न साधा दिसला तरी त्याचें उत्तर साधें नाहीं. इंग्लंडांत जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८५९ सालीं स्वातंत्र्यावर एक आटोपशीर ग्रंथ लिहिला. त्याचीं प्रकरणें अवघीं पांच. ज्यास मिल्लचें व्यक्तिस्वातंत्र्य समजून घ्यावयाचें असेल त्यानें पहिलें पान उघडावें आणि शेवटचें मिटावें. आगरकरांनीं असा एकही ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांचा विचार १८८१ पासून १८९५ पर्यंत आधीं ‘केसरी’च्या आणि मग ‘सुधारका’च्या अंकांत आठवड्यामागून आठवडा विखुरला आहे. कोठें पोषाखाचा विषय, कोठें लग्नाचा, कोठें देवांचा, कोठें सरकारचा. ज्या वाड्यास दहा दरवाजे आहेत त्यांत कोणत्या दरवाजानें शिरलें असतां माजघर सांपडतें आणि कोणत्यानें शिरलें असतां माणूस परसांतच घोटाळत राहतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

त्यासाठीं त्यांच्या आयुष्याचा आराखडा थोडक्यांत ध्यानांत घ्यावा. आगरकरांचा जन्म सातारा जिल्ह्यांत, कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं, १४ जुलै १८५६ रोजीं झाला. घरची गरिबी अशी कीं, शिक्षणासाठीं कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला अशा दूरदूरच्या गांवीं त्यांस आश्रय शोधावा लागला. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुरु त्यांस लाभला आणि तेथूनच १८७५ सालीं ते मॅट्रिक झाले. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांची व टिळकांची गांठ पडली. सरकारी नोकरी न धरतां शिक्षणास वाहून घ्यावयाचें, हा निश्चय दोघांनीं तेथेंच केला. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारींत निघालें; ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजीं बाहेर पडला व त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. १८८२ मध्यें कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनीं लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत दोघांसही शिक्षा होऊन त्यांनीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढले. १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. मतभेद विकोपास जाऊन १८८७ सालीं आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षीं, १५ ऑक्टोबर १८८८ रोजीं, ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी भागाचें काम कांहीं काळ गोपाळ कृष्ण गोखले यांनीं पाहिलें. १८९२ पासून आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. दम्यानें पोखरलेलें तें शरीर १७ जून १८९५ रोजीं विसावलें. वयाचीं एकोणचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

आतां बहुतेक वाचक ज्या दरवाजांनीं आंत शिरतात ते पाहूं.

पहिला दरवाजा चरित्राचा. पदवीच्या मोठ्या परीक्षा देत असलेला मुलगा आईस कळवितो कीं, आतां मुलगा मोठा पगार मिळवील अशी आशा धरूं नकोस. पोटापुरतें मिळवून उरलेला वेळ लोकांसाठीं घालवावयाचें मीं ठरविलें आहे. हें पत्र वाचून कोणाचें मन हलणार नाहीं? पुण्यांतील लोकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली व ती त्यांच्या घरावरून नेली असें सांगतात, तें ऐकून कोणास चीड येणार नाहीं? परंतु चरित्राच्या दरवाजानें आंत गेलेला वाचक बहुधा देवघरांत जाऊन पोंचतो. आगरकरांची सारी शिकवण अशी कीं, कोणतेंही मत तें कोणी सांगितलें एवढ्यावरून स्वीकारूं नये. बुद्धीस पटलें तर घ्यावें, नाहीं तर टाकावें. त्यांच्या हालअपेष्टा पाहून त्यांचीं मतें मान्य करणारा वाचक त्यांच्याच शिकवणुकीच्या उलट वागतो. छळ सोसल्यानें माणसाचा प्रामाणिकपणा सिद्ध होतो. त्याच्या मताची सत्यता सिद्ध होत नाहीं. चरित्र अवश्य वाचावें, पण मागाहून.

दुसरा दरवाजा वादाचा. आधीं राजकीय सुधारणा कीं आधीं सामाजिक, या प्रश्नावर टिळक आणि आगरकर यांची फारकत झाली, हें शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतें. या दरवाजानें शिरणारा वाचक पहिल्या पानापासूनच पंच होऊन बसतो. लेखांत काय म्हटलें आहे यापेक्षां तें कोणाविरुद्ध म्हटलें आहे, इकडे त्याचें लक्ष लागतें. पुण्याच्या त्या काळच्या तंट्यांची ज्यास सवय आहे त्यास हा मोह फार. या बाबतींत धावड्याचा वाचक पेठेंतल्या वाचकापेक्षां भाग्यवान म्हटला पाहिजे. आगरकर लिहीत होते त्या वेळीं भोकरदनचा हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि ‘केसरी’ कोणी चालवावा हा तंटा त्याच्या वाडवडिलांचा नव्हता. दोन्ही पक्षांपैकीं एकाचेंही देणें तो लागत नाहीं. त्यास लेख लेख म्हणून वाचतां येतो.

तिसरा दरवाजा इंग्रजी ग्रंथांचा. आगरकरांवर मिल्ल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांचा मोठा प्रभाव होता हें निर्विवाद आहे. म्हणून अभ्यासू विद्यार्थी आधीं ते दोघे वाचतो, मग आगरकरांकडे वळतो आणि प्रत्येक पानावर ‘हें मिल्लचें’, ‘हें स्पेन्सरचें’ अशा खुणा करीत जातो. शेवटीं त्याच्या हातीं खुणाच राहतात. ही चूक सर्वांत सूक्ष्म आहे, कारण तींत कांहीं अंशीं तथ्यही आहे. परंतु मिल्लच्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत जी व्यक्ति डोळ्यांपुढें आहे ती बहुतेक प्रौढ, लिहितां-वाचतां येणारी, आपलें वेगळें मत उघडपणें मांडूं पाहणारी आहे. शेजाऱ्यांच्या नापसंतीपासून तिचें रक्षण कसें करावें ही मिल्लची विवंचना. आगरकरांच्या लेखांतून जी व्यक्ति समोर येते ती पुष्कळदां दहा वर्षांची नवरी असते, केशवपन झालेली विधवा असते, बापाच्या धाकानें लग्नास उभा राहिलेला विद्यार्थी असतो. या व्यक्तींस मत मांडण्याची सवड तर राहोच, आपणांस मत असूं शकतें हेंही कोणी सांगितलेलें नसतें. तत्त्व एक असलें तरी तें जेथें लावावयाचें ती जागा बदलली कीं तत्त्वाचें रूपही बदलतें. तें रूप मिल्लच्या ग्रंथांत शोधून सांपडणार नाहीं.

मग आरंभ कोठून करावा? आगरकरांच्या अगदीं घरगुती लेखांपासून. त्यांतही ज्याचें नांव ऐकून आजचा वाचक किंचित् हंसतो त्या लेखापासून : ‘स्त्रियांनीं जाकिटें घातलींच पाहिजेत’. एवढा मोठा तत्त्वचिंतक आणि जाकिटांवर लेख! पण नेमकें येथेंच आगरकरांचें मर्म आहे. अंगावरचें वस्त्र कशासाठीं असतें, हा त्यांचा पहिला प्रश्न. रूढ पोषाख त्या हेतूस पुरा पडतो काय, हा दुसरा. आणि पुरा पडत नसेल तर ‘असेंच चालत आलें आहे’ यापलीकडे तो चालू ठेवण्यास कारण काय, हा तिसरा. एवढे तीन प्रश्न हातीं घेऊन ते लुगड्या-चोळीपाशीं उभे राहतात. थंडीवाऱ्यापासून रक्षण, लज्जारक्षण, काम करण्याची सोय, शोभा अशा हेतूंच्या कसोटीवर पोषाख तपासावयाचा. आजी कोणता पोषाख करीत असे, ही कसोटी त्यांत नाहीं.

हा लेख संपला कीं त्याच्या शेजारचे दोन घ्यावे : ‘सोवळ्याची मीमांसा’ आणि ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’. विषय निराळे, पण प्रश्न तेच तीन. एकदां ही रीत ध्यानांत आली म्हणजे वाचकास आगरकरांची किल्ली सांपडली असें समजावें; कारण पुढें देव, धर्म, राज्य, विवाह अशीं कितीही मोठीं कुलुपें आलीं तरी तीं ते याच किल्लीनें उघडतात.

आरंभास हेच लेख घ्यावयाचें आणखीही एक कारण आहे. ‘सुधारक’ हें साप्ताहिक होतें. तें घरांत येत असे. व्यक्तिस्वातंत्र्यावर पांडित्यपूर्ण निबंध छापला तर सुशिक्षित गृहस्थ तो वाचून मान डोलावतो आणि अंक बाजूस ठेवून नेहमींप्रमाणें जेवावयास बसतो. पण सोवळ्यावर लेख छापला तर तोच गृहस्थ जेवावयास बसतांना अंगावरच्या सोवळ्याकडे पाहतो. अमूर्त तत्त्वास होकार देणें फार स्वस्त असतें. घरांतल्या एका खुंटीवरचें वस्त्र बदलणें महाग पडतें. राजाच्या जुलुमापेक्षां रूढीचा जुलूम अधिक व्यापक, कारण राजाचा शिपाई दारापर्यंत येतो, रूढि स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांतही असते. आगरकरांचा हल्ला म्हणून तेथेंच होता. आजचा वाचक सोवळें नेसत नसेल. परंतु आपण कोणत्या गोष्टी केवळ चालत आल्या म्हणून करतों याची यादी हा लेख वाचतां वाचतां त्याच्या मनांत तयार होऊं लागते, आणि ती तयार होऊं लागली कीं आगरकर वाचण्यास आरंभ झाला.

येथें चोखंदळ वाचक एका शब्दापाशीं अडखळेल, आणि त्यानें अडखळावेंच. ‘घातलींच पाहिजेत’ यांतील तो ‘च’ आणि तें ‘पाहिजेत’. व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता, आणि तो बायकांनीं काय घालावें हें ‘च’ लावून सांगतो? मग सासूबाईंच्या हुकुमांत आणि संपादकांच्या हुकुमांत फरक तो काय? याचें जुजबी उत्तर असें कीं, संपादक कारणें देतो आणि पटलीं नाहींत तर त्याचें कोणी ऐकत नाहीं. सासूबाई कारणें देत नाहींत आणि त्यांचें ऐकावें लागतें. हें उत्तर जाकिटापुरतें चालेल. परंतु आगरकरांच्या आयुष्यांत एक प्रसंग असा आला कीं, तेथें केवळ युक्तिवादावर भागेना आणि सक्तीचाच प्रश्न उभा राहिला. तो प्रसंग संमतिवयाच्या कायद्याचा. वाचकानें दुसऱ्या टप्प्यास बालविवाहाचे व संमतिवयाचे लेख घ्यावे ते यासाठीं.

प्रकरण थोडक्यांत असें. बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ सालीं बालविवाह व असंमत वैधव्य यांवर टिपणें प्रसिद्ध करून देशभर चर्चा सुरू केली. १८६० च्या पीनल कोडाप्रमाणें शरीरसंबंधास संमतीचें वय मुलीच्या बाबतींत दहा होतें. १८८९ मध्यें बंगाल्यांत फुलमणी नांवाची अल्पवयी विवाहित मुलगी पतीच्या संबंधानें मरण पावली आणि साऱ्या देशांत खळबळ उडाली. १८९१ च्या जानेवारींत वरिष्ठ कायदे कौन्सिलांत बिल आलें व मार्चांत मंजूर होऊन वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. पुण्यांत या बिलावरून अक्षरशः रण माजलें. टिळकांचा पक्ष असा कीं, परकी सरकारास समाजाच्या घरांत हात घालूं देऊं नये; सुधारणा शिक्षणानें, आंतून आणि लोकांच्या राजीखुषीनें व्हावी. हा पक्ष उपहासानें उडवून देण्याजोगा नव्हता. गंमत अशी कीं, व्यक्तिवादाचे मोठे आचार्य जे स्पेन्सर त्यांनींच १८८४ सालीं राज्यसंस्थेच्या वाढत्या हस्तक्षेपाविरुद्ध ग्रंथ लिहिला होता. म्हणजे पुस्तकी हिशेबानें पाहिलें तर कायद्यास विरोध करणें हीच व्यक्तिवाद्यास शोभणारी भूमिका होती. परंतु स्पेन्सरचा शिष्य म्हणून ओळखला जाणारा पुण्याचा हा प्राध्यापक कायद्याच्या बाजूनें उभा राहिला.

हा तत्त्वभंग होता काय? सारे आगरकर या एका प्रश्नाभोंवतीं फिरतात. त्यांच्या लेखांतून निघणारें उत्तर असें आहे कीं, सरकार हें एकच सरकार नव्हे. घर हेंही एक सरकार आहे, जात हेंही एक सरकार आहे. त्यांचे कायदे अलिखित असले तरी शिक्षा खऱ्या असतात. बाहेरच्या सरकारानें घरांत येऊं नये असें म्हणणारा जेव्हां स्वातंत्र्याचें नांव घेतो तेव्हां तो कोणाचें स्वातंत्र्य मागतो? घराच्या धन्याचें. आणि दहा वर्षांच्या मुलीचें? ती व्यक्ति नव्हे काय? समाज शिकून शहाणा होईपर्यंत वाट पाहावी हें खरें. परंतु वाट पाहणारा एक आणि त्या अवधींत मरणारी दुसरीच. खुद्द मिल्लनेंही स्वातंत्र्याचें आपलें तत्त्व वयांत न आलेल्या मुलांस लागू नाहीं, त्यांचें इतरांपासून रक्षण केलें पाहिजे, असें स्पष्ट म्हटलें होतें. आगरकरांनीं तें सूत्र हिंदु घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवलें. स्वातंत्र्य मोजावयाचें तें ज्याच्या वांट्यास तें सर्वांत कमी आलें आहे त्याच्यापासून, असा त्याचा मथितार्थ.

ज्या वाचकानें जाकिटांपासून सुरुवात केली त्यास हें लगेच उमगतें. पण ज्यानें तत्त्वांपासून सुरुवात केली त्यास आगरकर येथें परस्परविरोधी वाटतात. एकाच लेखकाविषयीं दोन वाचकांचीं दोन मतें होतात, आणि फरक एवढाच कीं एक जण स्वयंपाकघराच्या दारानें आला आणि दुसरा दिवाणखान्याच्या.

तिसऱ्या टप्प्यास शिक्षणाचे लेख घ्यावे. ‘स्त्रियांस चरितार्थसंपादक शिक्षण देण्याची आवश्यकता’ हें नांवच बोलकें आहे. त्या काळीं स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारे पुष्कळ होते. पत्नी सुविद्य असावी, मुलांवर संस्कार चांगले व्हावे, जमाखर्च लिहितां यावा, असे त्यांचे हेतु असत. आगरकरांनीं या यादींत चरितार्थ घातला, आणि मुलामुलींस एकच शिक्षण द्यावें व तें एकत्र द्यावें येथपर्यंत ते गेले. जिला स्वतःचें पोट भरतां येत नाहीं तिला ‘नको’ म्हणतां येत नाहीं. आणि जिला ‘नको’ म्हणतां येत नाहीं तिच्या ‘हो’ स कांहीं किंमत नाहीं. संमतीचा प्रश्न कायद्यानें दोन वर्षें पुढें ढकलला जातो. तो सुटतो शिक्षणानें आणि मिळकतीनें. म्हणून हे लेख संमतिवयाच्या लेखांस जोडूनच वाचावे. हे विचार केवळ कागदावर राहिले नाहींत. १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक म्हणून आलेल्या धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ मध्यें पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील एका विधवेशीं पुनर्विवाह केला. आणि आगरकरांच्या मृत्यूनंतर वर्षभरानें, १८९६ त, विधवांच्या शिक्षणासाठीं संस्था काढली.

एवढें झाल्यावर मग खुशाल तत्त्वांचे लेख हातीं घ्यावे : ‘सुधारक काढण्याचा हेतु’, ‘मूळ पाया चांगला पाहिजे’, ‘गुलामांचें राष्ट्र’, ‘देवतोत्पत्ति’. पहिल्यांत लोकमताच्या प्रवाहांत न वाहतां लोकमत घडविण्याचा निर्धार आहे. शेवटच्यांत मानवाच्या मनांत देवांची कल्पना कशी उपजली व वाढली याची स्पेन्सरच्या धाटणीची चिकित्सा आहे. ज्यास ती आधींच वाचावयास मिळते तो श्रद्धाळु असेल तर पुस्तक मिटतो आणि अश्रद्ध असेल तर उगाच खूष होतो. ‘गुलामांचें राष्ट्र’ वाचलें म्हणजे आगरकरांस राजकारणाची पर्वा नव्हती हा समज पार नाहींसा होतो. त्यांस परक्या राज्याची चीड होतीच. परंतु ज्या राष्ट्रांतील माणूस घरांत, जातींत आणि देवळांत वांकावयास शिकला तो सरकारापुढें ताठ कसा उभा राहील, हा त्यांचा प्रश्न होता. टिळकांशीं असलेल्या वादाचें खरें स्वरूप येथें आल्यावर कळतें, आणि कळल्यावर दोघांपैकीं कोणाविषयींही अनुदार उद्गार काढावासा वाटत नाहीं.

मध्यें विसांवा हवा असेल तर ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस’ हें छोटें पुस्तक वाचावें. त्यांत उपदेश थोडा आणि गंमत पुष्कळ आहे. तुरुंगाच्या खोलींत रात्र रात्र वाद घालणारे दोन तरुण मित्र त्यांत भेटतात, आणि पुढच्या कडवटपणाची छाया अद्याप त्यांवर पडलेली नसते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ नांवाचें त्यांचें भाषांतर मात्र ज्यास नाटकाची आवड आहे त्यानेंच घ्यावें.

आरंभ कोठून करावा हें सांगतांना थांबावें कोठें हेंही सांगितलें पाहिजे. आगरकरांची भाषा संस्कृतप्रचुर आहे. वाक्यें लांब आहेत. संताप आला म्हणजे शब्दांचा सडा पडतो. हा दोष थोड्या सरावानें सोसतो. खरी उणीव निराळी आहे. त्यांच्या लेखांत ज्या घराचें दार उघडें आहे तें बहुतेक पांढरपेशा ब्राह्मणाचें घर आहे. केशवपन, सोवळें, बालवैधव्य हीं त्या घरचीं दुःखें होतीं. शेतावर राबणाऱ्या कुणबिणीस मिळकत नव्हती असें नाहीं. तिची गुलामगिरी निराळ्या साखळ्यांची होती. जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें सत्यशोधक समाज स्थापून त्या साखळ्यांवर घण घातला होता. कोल्हापूर प्रकरणांत टिळक-आगरकरांस जामीन हवा झाला तेव्हां फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे पुढें आले, हा इतिहास उभयपक्षीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे. फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ शेजारीं ठेवल्याशिवाय आगरकरांचें व्यक्तिस्वातंत्र्य कोणत्या व्यक्तीपर्यंत पोंचलें आणि कोणत्या व्यक्तीपाशीं थबकलें, हें कळत नाहीं.

आणि आणखी एक लहानसें पुस्तक. आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत होते त्याच १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ नांवाचें पुस्तक पुण्यांत छापलें गेलें. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणें. सुरतेच्या एका विधवेवरील खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर दोषारोप होऊं लागले, त्यांस या बाईनें रोखठोक उत्तर दिलें. आगरकर ज्या व्यक्तीच्या वतीनें बोलत होते ती व्यक्ति येथें स्वतःच बोलते. बुलढाणें वऱ्हाडांत, त्यास लागूनच भोकरदन तालुका, ज्यांत धावडा. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे पुण्याच्या प्राध्यापकांनीं विलायतेहून आणलेला जिन्नस, असा ज्यांचा समज असेल त्यांनीं नकाशावर हें अंतर पाहून घ्यावें. ज्या वर्षीं तें पुस्तक निघालें त्या वर्षीं ‘सुधारक’ निघावयास अद्याप सहा वर्षें अवकाश होता.

पुस्तकें मिळण्याची अडचण पूर्वीं होती, ती आतां राहिली नाहीं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें म. गं. नातू आणि दि. य. देशपांडे यांच्या संपादनाखालीं आगरकरांचें वाङ्मय तीन खंडांत प्रसिद्ध केलें आहे, ग. प्र. प्रधान यांनीं निवडलेला लेखसंग्रह साहित्य अकादमीनें काढला आहे. त्याच देशपांडे यांनीं १९९० सालीं नागपुराहून विवेकवादास वाहिलेलें मासिक सुरू केलें आणि त्याच्या नांवांत ‘सुधारक’ हा शब्द पुन्हां ठेवला. शंभर वर्षांनंतरही नांव जुनें वाटलें नाहीं, यांत लेखकाचा गौरव आहे. समाजाचा कितपत आहे हें ज्यानें त्यानें ठरवावें.

सारांश, आगरकर वाचावयाचे ते खुंटीवरच्या कपड्यापासून मुलीच्या वयापर्यंत, वयापासून तिच्या मिळकतीपर्यंत, आणि तेथून मग राष्ट्र आणि देव यांपर्यंत. मिल्ल आणि स्पेन्सर त्यानंतर; चरित्र सर्वांच्या शेवटीं. या क्रमानें वाचणाऱ्याचें आगरकरांशीं प्रत्येक ठिकाणीं एकमत होईल असें नाहीं. तें व्हावें अशी खुद्द आगरकरांची अपेक्षा नव्हती. त्यांची अपेक्षा एवढीच कीं, वाचणाऱ्यानें नाकारतांना कारण द्यावें. घरांतल्या ज्या मुलीनें किंवा मुलानें कपाटाकडे बोट दाखवून प्रश्न विचारला, त्यास पुस्तक काढून देतांना वडील मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें. तें पुस्तक वाचून झाल्यावर पुढचा प्रश्न कपाटाविषयीं असणार नाहीं. तो घराविषयीं असेल, आणि त्याचें उत्तर ‘असेंच चालत आलें आहे’ हें देऊन चालणार नाहीं.